नखावर मावणारे शंख

पाण्यातल्या गोगलगायींचा अभ्यास करते असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. लातूर जिल्ह्यात पाणीच कुठं आहे? 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे सगळ्या देशानं पाहिलं, तेव्हा प्रश्न रास्तच आहे. पण अहमदपूर तालुक्यातून मन्याड वाहते. पावसाळा सरला तरी तिच्या पात्रात डोह राहतात. गावोगाव पाझर तलाव आहेत, कोल्हापुरी बंधारे आहेत, जुन्या बारवा आहेत, अलीकडं शेततळी झालीत, आणि गोठ्यापुढचे हौद तर घरोघर. जनावर जिथं पाण्याला तोंड लावतं तिथं थोडा वेळ बसून शोधलं तर गोगलगाय सापडते. पाणवनस्पतीच्या पानाखाली, दगडाच्या सावलीकडच्या अंगाला, कधी नुसत्या गाळावर. त्यातल्या बऱ्याचशा करंगळीच्या नखावर मावतील एवढ्याच.

मी इथल्या एका महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवायचे. आमच्या पिढीनं गोगलगाय शिकली ती पायला. मोठी, गरगरीत, प्रात्यक्षिकासाठी बाहेरगावाहून बरणीतून येणारी. तिची मज्जासंस्था विद्यार्थ्यांना तोंडपाठ असायची. त्याच विद्यार्थ्याला त्याच्या गावच्या तलावातली गोगलगाय दाखवली की तो गप्प व्हायचा. मलाही या विषयाकडं नेलं ते त्या गप्प होण्यानंच. पुढं विच्छेदनं कमी झाली, बरण्या यायच्या बंद झाल्या, आणि शंख ओळखणं हा प्रात्यक्षिकाचा एक चांगला भाग होऊ शकतो हे पटवून द्यायला जरा सोपं गेलं. शंखासाठी जीव मारावा लागत नाही. भिंग, व्हर्नियर कॅलिपर, जुना टूथब्रश आणि पेन्सिल एवढ्यावर काम सुरू होतं. पेन्सिल यासाठी की चिठ्ठी अल्कोहोलमध्ये बुडाली तरी अक्षर पुसत नाही. गाव, पाण्याची जागा, तारीख, कशावर सापडली, ही चिठ्ठी बाटलीच्या आत गेली नाही तर त्या शंखाचा मला काही उपयोग नाही, मग तो कितीही सुंदर असो.

शंख धरायचा कसा, हे पहिल्या दिवशी शिकवावं लागतं. टोक वर, तोंड आपल्याकडं. तोंड उजव्या हाताला आलं तर शंख उजवा, डाव्या हाताला आलं तर डावा. एवढं सांगून होतं न होतं तोच कुणीतरी विचारतं, मग देवघरातला दक्षिणावर्ती शंख? तो दुर्मीळ, म्हणून पूजेत त्याला मान. शास्त्राच्या रीतीनं मात्र तो डावा भरतो, कारण दोन्हीकडची धरायची पद्धतच एकमेकींच्या उलट आहे. मुलांना हे ऐकून गंमत वाटते आणि धरण्याचा नियम कायमचा लक्षात राहतो. आता मोबाइलवर फोटो येतात तेव्हाही हाच मुद्दा निघतो. बऱ्याच मोबाइलचा पुढचा कॅमेरा चित्र आरशासारखं उलटं टिपतो आणि उजव्या शंखाचा डावा होऊन माझ्याकडं येतो. लिम्निया उजवी असते, फायसेला डावी. दोघींचं कवच पातळ, तपकिरी, आकारही बराचसा सारखा. फायसेला ॲक्युटा ही मूळची उत्तर अमेरिकेची, शोभेच्या माशांबरोबर आणि पाणवनस्पतींबरोबर जगभर पसरलेली. एका विद्यार्थिनीनं घरच्या काचेच्या टाकीतून डावे शंख आणले तेव्हा मी तिला लगेच सांगितलं, हे पाणी ओढ्यात ओतू नको.

धरणं जमलं की दुसरी खूण झाकणाची. काही गोगलगायी आत शिरल्यावर दार लावून घेतात. बेलामियाचं झाकण शिंगासारख्या पदार्थाचं, त्यावर एकात एक वर्तुळं. बिथिनियाच्या कुळातल्यांचं चुन्याचं, पांढरं, टणक. लिम्निया, फायसेला आणि चपट्या गोगलगायी यांना झाकणच नसतं, कारण त्या फुप्फुसानं श्वास घेणाऱ्यांच्या गटातल्या. मेलेल्या शंखाचं झाकण गळून जातं, म्हणून रिकामा शंख बघून झाकण नव्हतंच असं म्हणता येत नाही. मी जिवंत नमुन्यांचा आग्रह धरते तो यामुळं.

माझा सगळ्यात जास्त वेळ गेला तो चपट्या गोगलगायींवर. आमच्याकडं त्या मुख्यतः दोन. एक इंडोप्लॅनॉर्बिस एक्झस्टस. गुंडाळी करून ठेवलेल्या दोरासारखा शंख, पूर्ण वाढीला दोन सेंटिमीटरपर्यंत जातो, क्वचित थोडा पुढंही. देशे या फ्रेंच अभ्यासकानं 1834 मध्ये तिला नाव दिलं, आणि 1921 मध्ये ॲनन्डेल आणि बैनी प्रसाद यांनी तिच्यासाठी इंडोप्लॅनॉर्बिस हा वेगळा गट केला. हिच्या रक्तात हिमोग्लोबिन असतं, जिवंतपणी अंग लालसर दिसतं. दुसरी गायरॉलस कन्व्हेक्सिउस्क्युलस, हटन यांनी 1849 मध्ये अफगाणिस्तानातल्या शंखांबरोबर वर्णिलेली. ही मोठी झाली तरी पाचसात मिलिमीटरच्या पुढं सहसा जात नाही. आता अडचण अशी की इंडोप्लॅनॉर्बिसचं पिल्लूही कधीतरी पाच मिलिमीटरचं असतंच. तलावातून चाळणी मारून आणलेल्या ढिगात दोन्ही शेजारी शेजारी पडलेल्या असतात, आणि घाईच्या नजरेला सगळ्या लहान चकत्या एकाच जातीच्या वाटतात.

यावर उपाय असा की चकती आडवी न बघता कडेनं उभी करून बघायची. गायरॉलस कागदासारखी बारीक नसली तरी खरोखर चपटी, उंची व्यासाच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्याएवढी. बाहेरच्या वेढ्याच्या कडेला बोटाला न लागेल इतपत अस्पष्ट कंगोरा असतो, तो भिंगाखाली प्रकाश तिरपा पाडला की दिसतो. इंडोप्लॅनॉर्बिसचं पिल्लू त्याच व्यासाचं असलं तरी जाड असतं, उंची निम्म्याच्या आसपास, वेढे गोल भरलेले, आणि शेवटचा वेढा आधीच्यापेक्षा भराभर रुंद होत गेलेला. वेढे मोजले तर आणखी खात्री पटते. पाच मिलिमीटरच्या गायरॉलसमध्ये चारच्या आसपास वेढे पूर्ण झालेले असतात, ती वयात आलेली असते. तेवढ्याच पिल्लाचे वेढे कमी भरतात. आकार सारखा, वय वेगळं. लहान आणि तरुण यांत फरक करता येणं हे या कामातलं निम्मं कौशल्य आहे असं मला वाटतं.

या फरकानं काय बिघडतं, असं मला एका पालकसभेत विचारलं गेलं होतं. उत्तर पुढं एका गोठ्यातून मिळालं. तालुक्यातल्या एका गावचे आजोबा पशुवैद्यकाकडं आले होते. गाय दिवसेंदिवस खंगत चाललेली, नाकातून रक्ताचा अंश असलेला शेंबूड. "गाय रातभर घोरायलीय, डॉक्टर. शेजारच्यांची झोप गेली," असं ते सांगत होते. डॉक्टरांनी शेंबडाचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली घेतला आणि त्यांना बाकदार, बूमरँगच्या आकाराची अंडी दिसली. हा शिस्टोसोमा नेझेल नावाचा कृमी, जनावराच्या नाकातल्या रक्तवाहिन्यांत राहणारा. 1933 मध्ये एम. ए. एन. राव यांनी त्याचं वर्णन केलं. त्याच्या आयुष्याचा एक टप्पा गोगलगायीत पार पडतो, आणि ती गोगलगाय म्हणजे इंडोप्लॅनॉर्बिस. गायरॉलसमध्ये हा कृमी वाढत नाही. ती दुसऱ्या दुखण्याला हातभार लावते, जनावराच्या पोटातल्या ॲम्फिस्टोम कृमींना. यकृतातला फॅसिओला लिम्नियाच्या वाटेनं येतो. तेव्हा डॉक्टरांचा प्रश्न सरळ होता. गाय पाणी पिते त्या तलावात नेमकी कोणती?

मी विद्यार्थ्यांना घेऊन गेले. काठावर बायका धुणं धूत होत्या. आम्ही पाण्यात चाळणी फिरवतोय हे बघून एकीनं विचारलं, "काय हुडकायलाव, मॅडम?" दाखवलं तर ती म्हणाली, "ह्याच्यामुळंच आमच्या पायाला खाज सुटायलीय का?" शक्य होतं. जनावरांच्या कृमींची पिल्लं पाण्यात पोहताना माणसाच्या कातडीत शिरतात, तिथंच मरतात, पण पुरळ आणि खाज मागं ठेवतात. मी तिला दवाखान्यात दाखवायला सांगितलं आणि मनात म्हटलं, कुठल्या पुस्तकाआधी या बाईनं नेमका संबंध जोडला. काठाच्या गवतात मिळालेल्या लहान चकत्या बहुतेक गायरॉलस निघाल्या. पण जनावरं उतरतात त्या उतारावर, दगडांखाली, इंडोप्लॅनॉर्बिस होती, पिल्लांपासून मोठ्यांपर्यंत. ती मुलं तिथवर गेली नसती तर अहवालात फक्त गायरॉलस लिहिलं गेलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी एकेक गोगलगाय काचेच्या पेल्यात पाणी घालून उन्हात ठेवली. काही पेल्यांत तासाभरात धुरकट ठिपके तरंगायला लागले, भिंगातून बघितलं तर दुभंगलेल्या शेपटीची पिल्लं वळवळत होती. ती नेमकी कोणत्या कृमीची हे सांगायला आणखी तपास लागतो. पण तलावातून पाजू नका, बोअरचं पाणी हौदात घ्या, हौद घासा, काठाचं गवत काढा, एवढं सांगायला तेवढा पुरावा पुरेसा होता. आजोबांनी हौद बांधून घेतला.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवी गावाची गोष्ट मी प्रत्येक नव्या तुकडीला सांगते. तिथल्या माणसांच्या लघवीतून रक्त जायचं, आणि 1952 मध्ये गाडगीळ आणि शाह यांनी तिथं माणसातल्या शिस्टोसोमियासिसची नोंद केली. भारतात असा आजार इतरत्र रुजल्याचं फारसं माहीत नव्हतं. वाहक गोगलगाय म्हणून पुढं जिच्याकडं बोट गेलं ती फेरिसिया. टोपीच्या आकाराचं कवच, वेढा नाही, काही मिलिमीटरची, दगडाला चिकटून बसलेली. बघणाऱ्याला ती गोगलगाय आहे हेही कळणार नाही. आरोग्याचा एवढा मोठा प्रश्न आणि वाहक एवढासा. ही गोष्ट ऐकून मुलं चाळणीत राहिलेला कचरा टाकून देण्याआधी एकदा पुन्हा बघतात.

2016 च्या उन्हाळ्यात तलाव आटले तेव्हा एक निराळं काम झालं. भेगाळलेल्या तळावर शंखांचा थर होता, उन्हानं पांढरा पडलेला. विद्यार्थी खूश, भरपूर नमुने, ओलं व्हायला नको. आम्ही चौरस आखून वेचणी केली आणि ढीग लावले. त्यात बेलामिया आणि मेलानॉइडिसच जास्त. लिम्निया जवळजवळ नाही. त्याच तलावाच्या आदल्या हिवाळ्याच्या माझ्या नोंदीत लिम्निया भरपूर होती. कारण साधं आहे. लिम्नियाचं कवच इतकं पातळ की वाळल्यावर बोटात धरलं तरी चुरा होतो, गुरांच्या खुराखाली तर काहीच उरत नाही. बेलामियाचं जाड कवच टिकतं. म्हणजे कोरड्या तळावरचे शंख तलावात कोण राहत होतं हे पुरतं सांगत नाहीत, कुणाचं कवच मजबूत ते सांगतात. शिवाय बाहेरचा तपकिरी थर निघून गेलेला असतो, टोक झिजलेलं असतं, वेढे मोजता येत नाहीत. पाऊस पडून तलावात गुडघाभर पाणी आलं की थोड्याच आठवड्यांत पानांखाली जिवंत इंडोप्लॅनॉर्बिस दिसू लागली. गाळात खोल ओल धरून त्यातल्या काही तग धरतात. दुष्काळानं तलावातला आजार संपला असं समजणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते.

2022 च्या पावसाळ्यात मला आयुष्यात आले नसतील इतके फोन आले. सोयाबीन नुकतं उगवत होतं आणि लातूर, बीड, उस्मानाबाद भागात शंखी गोगलगायींनी रोपं रातोरात कुरतडली. पूर्व आफ्रिकेतून जगभर पसरलेली अचाटिना फुलिका ती. दुबार पेरणीची वेळ आलेला शेतकरी विहिरीत कुठलाही शंख दिसला तरी घाबरणारच. एकानं विचारलं, शेततळ्यात पण आहेत, औषध टाकू का? ते औषध बहुधा मेटाल्डिहाइड, कुत्र्यागुरांनाही विषारी. मी त्याला जिवंत गोगलगाय तळहातावर घेऊन थांबायला सांगितलं. डोक्यावर शिंगांच्या दोन जोड्या, लांब जोडीच्या टोकाला डोळे, तर जमिनीवरची. एकच जोडी, डोळे तिच्या बुडाशी, तर पाण्यातली, तिला तुझ्या सोयाबीनशी काही घेणं नाही. त्यानं फोन चालू ठेवूनच बघितलं आणि म्हणाला, एकच जोडी हाय. शेततळं वाचलं. शंखाचा अभ्यास करणाऱ्याला शंखाच्या पलीकडं बघावं लागतं ते असं.

शंखावरून नाव देण्याची परंपरा जुनी आहे. प्रेस्टन यांचा भारतातल्या गोड्या पाण्यातल्या मृदुकायांवरचा ग्रंथ 1915 चा, आणि सुब्बा राव यांची भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागानं काढलेली मार्गदर्शिका 1989 ची. दुसरी माझ्या टेबलावरून कधी हलली नाही. जुन्या अभ्यासकांच्या हाती बहुतेकदा दूरच्या कुणी अधिकाऱ्यानं पाठवलेले मूठभर कोरडे शंख असत, आणि जरा वेगळा दिसला की नवं नाव. लिम्नियाची अशी किती तरी नावं झाली. ॲनन्डेल आणि श्रीनिवास राव यांनी 1925 मध्ये त्यांची फेरतपासणी छापली ती याच गर्दीतून वाट काढायला. मी स्वतः बंधाऱ्याच्या वरच्या संथ पाण्यातले आणि खालच्या वाहत्या पाण्यातले लिम्निया ल्युटिओलाचे शंख ओळीनं लावले आहेत. दोन टोकांचे दोन शंख उचलले तर कुणीही दोन प्रजाती म्हणेल. मधली ओळ बघितली की कुठं रेघ मारायची ते सांगता येत नाही.

मेलानॉइडिस ट्युबरक्युलाटाचं याहून अवघड. 1774 मध्ये म्युलर यांनी कोरोमंडल किनाऱ्यावरच्या नमुन्यावरून वर्णिलेली, उंच निमुळती, अंगावर रेघा आणि तांबडे ठिपके असलेली. हिच्यात बहुतेक माद्याच, नराशिवाय पिल्लं होतात, आईच्या अंगातच वाढून बाहेर पडतात. त्यामुळं एका तलावातले शंख एकमेकांशी हुबेहूब जुळतात आणि पाच किलोमीटरवरच्या तलावातले सगळेच्या सगळे थोडे निराळे, ठिपके गडद, रेघा ठळक. इथं ओळीनं लावूनही मधले दुवे मिळत नाहीत, कारण दोन आयांचे वंश आपापल्या तलावात वेगळे वाढलेले. लिम्नियाला लावलेला नियम इथं चालत नाही. गोगलगाय पिल्लं कशी घालते हे माहीत नसेल तर तिचा शंखही कळत नाही, हे मला मेलानॉइडिसनं शिकवलं.

आणि आता डीएनएचं काम पुढं आलंय. इंडोप्लॅनॉर्बिस एक्झस्टस या एका नावाखाली आशियात एकमेकांपासून फार पूर्वी फुटलेल्या अनेक शाखा आहेत असं त्यातून दिसतंय. बाहेरून शंख तोच. मी इतकी वर्षं कडेनं उभी करून ओळखत आले ती गोगलगाय कदाचित एकापेक्षा जास्त असेल. याचं मला वाईट वाटत नाही. गायरॉलसपासून ती वेगळी आहे एवढं कॅलिपर अजूनही बिनचूक सांगतो, आणि गोठ्यासाठी आज तेवढं लागतं. त्यापुढचं काम प्रयोगशाळेनं करावं. त्यासाठी तिला अल्कोहोलमधला नमुना आणि त्यातली पेन्सिलची चिठ्ठी लागेलच.

नागपूरजवळ टाकळीला बसाल्टच्या दोन थरांमधल्या दगडात फायसा प्रिन्सेपी या गोगलगायीचे जीवाश्म सापडतात. एकोणिसाव्या शतकात स्टीफन हिस्लॉप यांनी तिथं ते गोळा केले. लाव्हाचे थर साचत असताना, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, मधल्या काळात झालेल्या तळ्यांत त्या राहत होत्या. त्यांच्याही तोंडाची बाजू डावी. एका सहलीत तो दगड हातात आल्यावर आमच्या मुलांनी न सांगता टोक वर धरलं आणि तोंड आपल्याकडं वळवलं.

सध्या माझ्याकडं मन्याडच्या एका डोहातल्या बिथिनिया कुळातल्या शंखांची बाटली आहे. चार मिलिमीटरच्या आतबाहेर, गुळगुळीत, झाकण चुन्याचं. गॅबिया म्हणावं असं वाटतं, पण नाळ, म्हणजे शंखाच्या बुडाशी असणारं भोक, काहींची बंद आहे आणि काहींची चिरेइतकी उघडी, आणि दोन्ही एकाच दगडावर मिळाल्या. पिल्लं की प्रजाती, हे अजून ठरलेलं नाही. माझी एक विद्यार्थिनी आता त्याच भागात शाळेत शिकवते. या पावसाळ्यानंतर ती दर महिन्याला त्याच दगडावरून नमुने पाठवणार आहे, म्हणजे वाढीबरोबर ती चीर बुजते का ते बघता येईल. चिठ्ठीवर तोवर "गॅबिया, प्रजाती अनिश्चित" असंच राहू दिलंय.